आयर्लंडमधल्या एका दफनभूमीतल्या मातीने रोग बरे होतात, हे खरं आहे का?

तुम्ही विचारताय ती जागा म्हणजे उत्तर आयर्लंडच्या फरमॅना परगण्यातलं बोहो गाव. तिथल्या चर्चच्या आवारात फादर जेम्स मॅकगर यांची कबर आहे. ते 1815 मध्ये वारले. लोक त्यांना हाताला गुण असलेला माणूस मानायचे. मरताना ते म्हणाले होते, मी जे बरं करत होतो ते माझ्यावरची मातीही बरं करेल, अशी आख्यायिका आहे. तेव्हापासून लोक कबरीवरची चिमूटभर माती फडक्यात बांधून नेतात, उशाखाली ठेवतात, प्रार्थना करतात. काम झालं की माती परत कबरीवर आणून टाकायची, हा नियम मात्र कडक. मला या प्रथेतली ही गोष्ट सर्वात आवडते, कारण दोनशे वर्षं लोक माती नेत असूनही कबर उघडी पडलेली नाही.

आता विज्ञानाचं. स्वान्सी विद्यापीठाच्या संशोधकांना, ज्यांच्यातला एक जण त्याच भागात वाढलेला, या मातीत स्ट्रेप्टोमायसीस कुळातला एक नवा जीवाणू सापडला. 2018 मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झालं. औषधांना दाद न देणाऱ्या काही जंतूंची, रुग्णालयांत पसरणाऱ्या एमआरएसए या चिवट जीवाणूचीसुद्धा, वाढ त्याने प्रयोगशाळेत रोखली. क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन याच कुळातून आलंय.

पण हे सगळं काचेच्या बशीतलं. उशाखालच्या मातीने माणूस बरा होतो, असं यातून सिद्ध होत नाही. जखमेला तर ती माती अजिबात लावू नका.