आल्प्समध्ये पहिल्यांदाच स्कीइंग शिकायचंय. कमी खर्चात कुठे आणि कधी जावं?

इटलीतल्या आओस्ता शहरात राहा आणि ६ जानेवारीनंतरचे दोन-तीन आठवडे गाठा. नाताळची गर्दी ओसरलेली असते, युरोपातल्या शाळांच्या फेब्रुवारीच्या सुट्ट्या लागायच्या असतात. त्यामुळे खोल्या स्वस्त मिळतात. शहरातूनच गोंडोला (तारेवरून जाणारी बंद केबिन) सुमारे १,८०० मीटरवरच्या पिला या स्कीइंगच्या ठिकाणी जाते, म्हणजे डोंगरावरच्या महागड्या हॉटेलची गरज नाही. पैसे वाया जातात ते लिफ्टच्या पासवर. नवशिक्याला पहिले दोन दिवस शिकणाऱ्यांना वर नेणाऱ्या सरकत्या पट्ट्याजवळचा सौम्य उतारच पुरतो, तेव्हा आठवड्याचा पूर्ण पास आधीच घेऊ नका. वाचलेले पैसे सकाळच्या ग्रुप क्लासला लावा. मित्राकडून फुकट शिकणं बहुधा महागात पडतं. बूट-स्की भाड्याने घ्या. बुटात एकच मोजा घाला, दोन घातले की पाय घसरतो आणि पोटऱ्या दुखतात. गुडघे पुढे वाकवल्यावर टाच उचलली गेली, तर लहान माप मागा. जॅकेट, हातमोजे मात्र भारतातूनच न्या.

एक अट: शेंगेन व्हिसासाठी (इटलीसह युरोपातल्या अनेक देशांचा सामाईक व्हिसा) काढलेल्या ३०,००० युरोंच्या विम्यात स्कीइंग बहुतेकदा नसतं, ते वेगळं जोडून घ्या. शिवाय इटलीत उतारावर दुसऱ्याला इजा झाल्यास भरपाई देणारा विमा सक्तीचा आहे. तो पास घेतानाच विकत घेता येतो.