समाजभाषाविज्ञानात नेमका कशाचा अभ्यास करतात? कोण कुठे कसं बोलतं हे तर आपल्याला रोज दिसतंच, त्यात शिकण्यासारखं काय? बीए मराठीनंतर हा विषय घ्यावा का?

समाजात कोण, कुणाशी, कसं आणि का बोलतं, याचा हा अभ्यास. बीए मराठीनंतर हा विषय घ्यायचा का असं विचारलंय तुम्ही, तर आधी तुमचं 'दिसतंच' घेतो, कारण खरी गडबड तिथंच आहे. माणसाला तो कसा बोलतो हे विचारलं की तो बहुतेक वेळा कसं बोलायला हवं ते सांगतो. मी मिरजेकडचा. आमच्या कोल्हापूर-सांगली भागात बऱ्याच बायका, मुली 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात, पुण्यात आल्या की लोक हसतात मग त्या 'मी आले' करतात आणि आईचा फोन आला की परत 'जेवलो गं'. त्यांना विचारा, निम्म्या जणी सांगतील आम्ही असं बोलतच नाही. खोटं नाही बोलत त्या, लक्षातच येत नाही. (शेजारच्या कन्नडमध्ये 'मी'च्या क्रियापदात बाई-पुरुष फरकच नसतो, हा मला तरी योगायोग वाटत नाही.)

म्हणून या विषयात अर्धं डोकं लागतं ते माणसाला सावध न करता त्याचं बोलणं कसं मिळवायचं यात. विल्यम लबाव या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाची १९६२ ची युक्ती प्रसिद्ध आहे. न्यूयॉर्कची तीन दुकानं घेतली, एक महागडं, एक मधलं, एक स्वस्तातलं, आणि जी वस्तू चौथ्या मजल्यावर मिळते तीच कुठं आहे म्हणून दुकानातल्या नोकरांना विचारत फिरला. उत्तर येणार 'फोर्थ फ्लोअर', दोन्ही शब्दांत र, जो न्यूयॉर्कात कुणी उच्चारतं, कुणी गाळतं. मग ऐकू आलं नाही असं दाखवून पुन्हा वदवून घ्यायचं, म्हणजे दुसऱ्यांदा माणूस जपून बोलतो. महागड्या दुकानातले लोक र जास्त उच्चारत होते, स्वस्तातल्या दुकानातले सगळ्यात कमी. दहा सेकंदांचं संभाषण आणि त्यात शहराची वर्गव्यवस्था सापडली राव.

पण मला विचाराल तर सगळ्यात भारी केस आपल्याच सांगली जिल्ह्यातली आहे आणि आपल्याकडे ती फार कुणाला माहीत नसते. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या भाषा-अभ्यासकांचा १९७१ चा लेख, गाव साधारण तीन हजार वस्तीचं, लेखात नाव कुपवार असं येतं, मीही तेच ठेवतो. जैन (बरेचसे जमीनदार) आणि लिंगायत घरी कन्नड बोलणारे, मुसलमान उर्दू, दलित आणि भूमिहीन मजूर मराठी, शिवाय दोरखंड वळणारी काही तेलुगू घरं. शेकडो वर्षं शेजार, गावातल्या जवळजवळ सगळ्या पुरुषांना दोन-तीन भाषा येतात, मग आपण म्हणणार की एव्हाना एकच खिचडी भाषा झाली असेल. तर तसं झालं नाही, आणि जे झालं ते जास्त विचित्र आहे.

गावातलं एकच वाक्य तीन भाषांत बघा. उर्दू 'पाला जरा काट के ले के आया', मराठी 'पाला जरा कापून घेऊन आलो', कन्नड 'तापला जरा खोडी तगोंडी बैन'. तुकड्याला तुकडा जुळतो, काट-काप-खोड, के-ऊन-ई, पुढे ले-घे-तगोंड. म्हणजे व्याकरणाचा सांगाडा जवळपास एक झालाय, शब्द तेवढे वेगळे. कन्नडमध्ये माणूस सोडून बाकी सगळं नपुंसकलिंगी, तर तिथल्या मराठीतही 'नदी आलं' आणि उर्दूत 'नदी आया'. उलट कन्नडने इकडून 'आहे' घेतलं, एरवी 'हे घर तुझं' एवढ्यावर कन्नड भागवते.

मग शब्द का नाही मिसळले? याचं उत्तर व्याकरणात नाहीच, ते गावात आहे. घरात आपली भाषा बोलायची हा नियम कडक होता, कारण घरची भाषा म्हणजे जात-धर्म कोणता त्याची खूण. शब्द ऐकू येतात, त्यामुळे लोक शब्दांवर पहारा ठेवतात, वाक्याची रचना कुणाच्या लक्षात येत नाही म्हणून ती पहाऱ्याखालून निघून जाते. आणि कन्नड जमीनदार मराठी मजुराशी कन्नडमध्ये नाही बोलायचा, मराठीत बोलायचा. कौतुकाने म्हणावं तर 'समोरच्याची भाषा बोलला', पण लेखकांचा तर्क असा की आपली घरची भाषा वापरणं म्हणजे त्याला आपल्यातला धरणं, ते टाळायचं होतं, मराठी त्यामानाने तटस्थ पडायची. भिंती होत्या म्हणून भाषा वेगळ्या राहिल्या. बहुभाषिक गाव म्हणजे गुण्यागोविंदाने नांदणारं गाव असं जे भाषणात म्हणतात ते इथं आठवावं.

पुढं पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी जवळपास चाळीस वर्षांनी हे सगळं परत तपासलं आणि 'तीन भाषा एक व्याकरण' हे चित्र वाटतं तितकं सरसकट नाही असं दाखवलं. मला हेच आवडतं, गाव तिथंच आहे, जाऊन पडताळता येतं.

तर घ्यायचा का? व्याकरणाचे नियम पाठ करायला आवडत असेल आणि अनोळखी माणसांशी बोलायचा कंटाळा असेल तर नका घेऊ, सरळ सांगतो, इथं फिल्डवर्क आहे, चहा खूप प्यावा लागतो आणि मग ती रेकॉर्डिंगं ऐकून अक्षर न अक्षर लिहून काढायचं काम, एका तासाच्या बोलण्याला दिवस खाणारं. नोकरीचं म्हणाल तर अध्यापन, संशोधन प्रकल्प, आणि आता व्हॉइस-टेकवाल्या कंपन्यांनाही बोली समजणारी माणसं लागतात, पण रांग लागलीय असं नाही.

अ‍ॅडमिशनच्या आधी एक करा, डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेने मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलंय, गावोगावची रेकॉर्डिंगं आणि नकाशे ऑनलाइन फुकट आहेत. तुमच्या जिल्ह्याचं उघडा आणि अर्धा तास ऐका. 'अरे आमच्याकडे असं नाही म्हणत' म्हणून भांडावंसं वाटलं तर फॉर्म भरा.