जुलैमध्ये मडगावहून काब द रामच्या पुढच्या निर्जन किनाऱ्यावर जाण्यासाठी कोणती गाडी योग्य ठरेल?

आपण गाडी विचारली आहे; मी आधी तिथी विचारीन. याच मुद्द्यावरून माझा आणि माझ्या थोरल्या भावाचा वाद आठ वर्षे मिटलेला नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

असोळणे, बेतूल करत काब द रामच्या किल्ल्यापर्यंतचा रस्ता डांबरी आहे आणि कोणतीही साधी गाडी तो पार करते. धोका सुरू होतो तो किल्ल्याच्या पुढे, खोला गावाच्या बाजूला, जिथे सड्यावरून, म्हणजे खडकाळ पठारावरून, कच्च्या वाटा समुद्राकडे उतरतात. पावसाळ्यात तिथल्या जांभ्यावर शेवाळ धरते आणि तांबडी माती चाकाखालून लोण्यासारखी सरकते.

दिव्याच्या अमावास्येचा दिवस होता. दादाने नुकतीच चारही चाकांना जोर देणारी गाडी घेतली होती आणि चालण्याचे कष्ट वाचावेत म्हणून, मी नको म्हणत असताना, त्याने ती थेट वाळूपर्यंत उतरवली. दहाच्या सुमारास, व्हाळ म्हणजे ओढा समुद्राला मिळतो त्या ठिकाणी, मागची दोन्ही चाके आसापर्यंत रुतली. वरून वाळू घट्ट दिसत होती, पण व्हाळाचे पाणी तिच्या आतून वाहत होते. दादा गुडघ्यांवर बसून पायाखालच्या चटया चाकांखाली सारत होता आणि प्रत्येक लाट त्या चटया थोड्याथोड्या बाहेर ओढत होती. फोनला रेंज नव्हती.

कोकणात भरतीचा हिशेब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणावे. अमावास्येची पंधरा धरली की सव्वा अकरा येतात. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण आमच्याकडे जेमतेम तासभर होता, आणि तोही उधाणाच्या दिवसाचा. मी धावत सडा चढून वाड्यावर गेलो. दहा-बारा माणसे रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, दोर खांद्यावर टाकून लगेच उतरली, दोर मागच्या हुकाला बांधला आणि एका सुरात ओढत त्यांनी गाडी वर आणली. तेव्हा पाणी दरवाज्याच्या खालच्या कडेला लागले होते. साडेअकराला त्या जागी छातीभर लाटा फुटत होत्या.

दादा आजही सांगतो की गाडी दणकट होती म्हणून वाचली. माझे म्हणणे असे की गाडी दणकट नसती तर तो तिथे उतरलाच नसता. पुढे खाऱ्या पाण्याने तिचे वायरिंग दोनदा बदलावे लागले, हे तो सांगत नाही.

तेव्हा आपली आहे तीच गाडी घेऊन जा, ती किल्ल्यापाशी ठेवा आणि पुढे ओहोटीच्या वेळी चालत उतरा. पाण्यात मात्र जुलैमध्ये शिरू नये. जून-जुलैची मासेमारीबंदी असते तेव्हा मदतीला येणारी होडीही सहसा समुद्रात नसते. गोव्यात किनाऱ्यावर वाहन नेणे बेकायदेशीर आहे, हे खरे तर मी सुरुवातीलाच लिहायला हवे होते. दिवाळीनंतर जाणार असाल तर यातले बरेचसे लागू होणार नाही, व्हाळ तोवर आटलेला असतो.

माझा भाऊ हे उत्तर वाचील, याची मला खात्री आहे. दोर ओढणाऱ्यांची नावे त्याने त्या दिवशी विचारली नाहीत. मी विचारली होती, आणि दर चतुर्थीला मी त्या वाड्यावर जातो.