मनालीला स्वतःची गाडी नेताय? चेनच्या आधी धुक्याचं बघा

कोपरखैरण्याहून डिसेंबरअखेर बायको-मुलांना घेऊन स्वतःच्या गाडीने मनालीला निघताय आणि विचारताय की टायरच्या स्नो चेन इथूनच घेऊ का. चेनचं शेवटी सांगतो, पण खरी भीती वाटेतल्या धुक्याची आहे आणि त्याबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीये.

आपल्याला कसारा घाटातलं पावसाळी धुकं माहीत, चार वळणं झाली की सुटतो. हरियाणा-पंजाबात डिसेंबर-जानेवारीत जे पडतं ते रात्री जमिनीलगत साठतं आणि ऊन चढेपर्यंत हलत नाही, कधी कधी बॉनेटच्या पुढचं दिसत नाही. आणि आपली सवय काय, तर घोडबंदरचं ट्रॅफिक चुकवायला पहाटे चारला निघायचं! पहिल्या दिवशी निघा की चारला, पण जयपूर सोडल्यावर नाश्ता करून, ऊन बघून दहाला निघायचं आणि अंधाराच्या आत हॉटेल गाठायचं, एक मुक्काम वाढला तर वाढू दे.

तरी सापडलातच तर लो बीम आणि फॉग लॅम्प, हाय बीमचा उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यात येतो. चालत्या गाडीत हॅझार्ड (चारही इंडिकेटर एकदम लुकलुकतात ते) नको, इंडिकेटर कळत नाही आणि मागच्याला वाटतं गाडी उभीच आहे. डावीकडची पांढरी पट्टी बघत चला पण अगदी कडेला चिकटू नका, तिकडेच उसाच्या ट्रॉल्या असतात, मागे लाइट नाही आणि असला तरी लोंबणाऱ्या वाढ्यांखाली झाकलेला, दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. थांबायचं तर ढाब्याच्या किंवा पंपाच्या आत, रस्त्याच्या कडेला अजिबात नाही. काच आतून धुरकटली तर हीटर आणि एसी दोन्ही चालू करून हवा काचेवर सोडा, आतलीच हवा फिरवणारं रीसर्क्युलेशन बंद.

आता बर्फ. ताजा बर्फ पडला की पोलीस साध्या गाड्या मनालीच्या वर सोडत नाहीत, फोर बाय फोरच जातात, तेव्हा सोलंग नाहीतर अटल टनेलला लोकल टॅक्सीच करा. बाकी फोर बाय फोर गाडी चढायला मदत करते, ब्रेक लागायला नाही, हे तिथल्या भाड्याच्या थारवाल्यांनाही कोणीतरी सांगा. सकाळी सावलीतल्या वळणावर आणि पुलावर रस्ता ओला दिसतोय पण पुढच्या गाडीच्या टायरखालून पाणी उडत नाहीये, म्हणजे तो पातळ बर्फ आहे. तिथे ब्रेक, स्टिअरिंग, अ‍ॅक्सिलरेटर काहीच झटक्यात नाही, आणि उतारावर आधीपासूनच पहिला-दुसरा गिअर.

निघण्याआधी कूलंट बघून घ्या, इथे मेकॅनिक सर्रास साधं पाणी टाकतात, ते वर गोठतं. डिझेल असेल तर टाकी वरच्या पंपावर भरा, आपल्याकडचं थंडीत घट्ट होऊ शकतं. टायरची हवा दर पाच-सहा डिग्रीला साधारण 1 पीएसआय उतरते, वर गेल्यावर परत चेक करा. रात्री हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा, ब्रेक आखडू शकतो.

चेन घ्यायच्याच असतील तर टायरवरचा साइज बघून घ्या. तुमची गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह असेल तर पुढच्या चाकांना लागतात, आणि बर्फ संपला की लगेच काढा, डांबरावर टायर खातात. आधी एकदा सोसायटीच्या पार्किंगमध्ये लावून बघा, गारठलेल्या बोटांनी तिथे पहिल्यांदा जमत नाही. वॉचमन हसला तर हसू दे.