एप्रिलमधल्या हिमवादळात डोंगरातल्या केबिनमध्ये राहणं कसं असतं?

तुम्ही एप्रिलच्या शेवटी आई-वडिलांना घेऊन कोलोरॅडोत डोंगरातली केबिन भाड्याने घेताय आणि विचारताय, की तेव्हा बर्फात अडकायची भीती खरंच असते का. असते. आम्ही बोल्डरच्या वर, नेदरलँड गावाजवळ साधारण ८,५०० फुटांवर राहतो. या उतारावर मोठी हिमवादळं बहुतेक मार्च-एप्रिलमध्येच येतात.

कोलोरॅडोच्या आग्नेयेला कमी दाबाचा पट्टा ठाण मांडून बसला, की मेक्सिकोच्या आखातावरची दमट हवा इकडे ओढली जाते. पूर्वेचा वारा ती रॉकीजवर चढवतो. सह्याद्रीवर पावसाळ्यात होतं तेच, फक्त वारा उलट्या दिशेचा आणि पावसाऐवजी बर्फ. मार्च २००३ मध्ये अशाच वादळात डेन्व्हर शहरात तीन दिवसांत ३१.८ इंच बर्फ पडला आणि वर डोंगरात काही ठिकाणी सात फुटांहून जास्त.

या दिवसांत थंडी फारशी नसते, त्रास होतो तो वजनाचा. जानेवारीचा बर्फ भुरभुरीत असतो, फुंकर मारली तरी उडतो. एप्रिलचा ओला, जड. फावडं मी अर्धंच भरते, आणि वादळ थांबायची वाट न बघता दर दोन-तीन तासांनी दारापुढचा बर्फ काढते, नाहीतर नंतर दार उघडत नाही. वडिलांना मात्र फावडं हातात घेऊ देऊ नका. एवढ्या उंचीवर ओला बर्फ उपसणं हृदयाला फार जड जातं. रात्री पॉन्डेरोसा पाइनच्या फांद्या मोडतात. आधी कडाड्, मग सरसर बर्फ ओघळतो, मग धप्प. त्यातली एखादी तारेवर पडली की वीज गेली.

आणि वीज गेली की पाणी गेलं. हे शहरातून येणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही. इथे बहुतेक घरांना बोअरवेल असते आणि पंप विजेवर चालतो. म्हणून वादळाचा इशारा आला की सगळ्यात आधी बाथटब आणि हाताशी येतील ती पातेली भरून ठेवा. टबातलं पाणी फ्लशसाठी, पातेल्यांतलं पिण्यासाठी. पुढे बर्फ वितळवायची वेळ आलीच तर भांड्यात तळाला थोडं पाणी घालून मग बर्फ टाका. नुसता बर्फ चुलीवर ठेवला तर भांडं करपतं आणि पाण्याला जळका वास लागतो. त्यात पाइनच्या काड्या असतात, तेव्हा गाळून, उकळून मगच प्या.

उबेसाठी लाकडाचा स्टोव्ह असेल तर उत्तमच, पण सरपण आदल्या दिवशीच आत आणून ठेवा, ओलं लाकूड नुसतं धुमसतं. गॅसच्या हीटरचा धूर बाहेर सोडणारा पाइप भिंतीतून निघत असेल तर त्याचं तोंड बर्फाने बुजलं नाही ना, हे सारखं बघा. ते बुजलं तर घरात विषारी कार्बन मोनॉक्साइड वायू साठतो, आणि त्याला वास नसतो. केबिनमध्ये त्याचा अलार्म आहे का, हे बुकिंग करतानाच विचारा. जनरेटर घरात किंवा गॅरेजमध्ये कधीही चालवायचा नाही. पत्र्याचं छप्पर असेल तर ऊन पडल्यावर वळचणीखाली कोणी उभं राहू नका, सगळा थर एकदम खाली येतो.

जेवणाचं म्हणाल तर कुकर घेऊन या. इथे पाणी ९१ अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या भांड्यात डाळ शिजता शिजत नाही. आम्ही अशा वेळी पिठलं-भात करतो, भांडी कमी आणि पाणीही कमी. फ्रीज बंद पडला म्हणून दूध-चीज बाहेर बर्फात ठेवायचा मोह होईल, पण एप्रिलमध्ये अस्वलं जागी झालेली असतात. त्यापेक्षा बर्फ डब्यात भरून घरात आणा.

वादळ गेल्यावर एप्रिलचं ऊन कडक असतं. मोठा रस्ता बहुधा लवकर मोकळा होतो, पण त्यापासून केबिनपर्यंतची कच्ची वाट कोण साफ करणार, हे मालकाला आत्ताच विचारून ठेवा. औषधं आठवडाभर जास्तीची ठेवा. आई-वडिलांपैकी कोणी ऑक्सिजनच्या मशीनवर असेल किंवा इन्शुलिन, डायलिसिस असं काही असेल, तर इशारा येताच बोल्डरला उतरा आणि तिथे हॉटेलात राहा. बर्फ सुरू झाल्यावर घाटात गाडी घालू नका.