टोमॅटोला ‘जागं करणारा’ हार्मोन फवारावा का?

प्रश्न: आमचा जुन्नर तालुक्यात दीड एकर टोमॅटो आहे. फळ पोखरणाऱ्या अळीने दरवर्षी जीव नकोसा होतो. मुलाने मोबाईलवर बघितलं की जास्मोनिक अ‍ॅसिड फवारलं की झाड स्वतःच अळीशी लढतं. दुकानात ते नव्हतं, तर सॅलिसिलिक अ‍ॅसिडची बाटली दिली, म्हणे दोन्ही एकच. मारू का?
– एक शेतकरी भगिनी

उत्तर: ताई, ती बाटली आधी बाजूला ठेवा, दोन्ही एकच अजिबात नाहीत. सॅलिसिलिक हा झाडाचा मुख्यतः रोगाविरुद्धचा इशारा आणि जास्मोनिक हा पान कुरतडणाऱ्या अळीविरुद्धचा, आणि एक चढला की दुसरा बऱ्याचदा दबतो, म्हणजे अळीसाठी म्हणून सॅलिसिलिक माराल आणि झाड अळीपुढे उलट ढिलं पडेल असं होऊ शकतं.

मुलाने बघितलं ते मात्र खोटं नाहीये. 1990 साली अमेरिकेत वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत फार्मर आणि रायन यांनी टोमॅटोची रोपं सेजब्रश नावाच्या झुडपाच्या फांद्यांबरोबर बंद जागेत ठेवली, तर त्या फांद्यांच्या नुसत्या वासाने, म्हणजे मिथाइल जास्मोनेटने (चमेलीच्या सुवासातही हेच असतं), टोमॅटोच्या पानांत प्रोटीनेज इनहिबिटर तयार झाले. हे अळीच्या पोटातले पाचकरस बांधून टाकतात, मग अळी पान खाते पण ते तिच्या अंगी लागत नाही, वाढ खुंटते. म्हणून फवारून दुसऱ्या दिवशी मेलेल्या अळ्या शोधत बसाल तर दिसणार नाहीत.

बगलफूट खुडताना बोटांना तो हिरवट-पिवळा चिकट डाग पडतो ना, उग्र वासाचा? तो पानावरच्या बारीक लवेतला रस. जास्मोनेट मिळालं की ही लव दाट येते, पण नव्या फुटणाऱ्या पानांवर, जुन्या पानांवर नाही. आणि मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की 1999 मध्ये जेनिफर थेलर यांनी कॅलिफोर्नियात शेतातल्या टोमॅटोवर जास्मोनिक अ‍ॅसिड फवारलं तेव्हा अळ्यांवर जगणाऱ्या गांधीलमाश्यांनी जवळपास दुप्पट अळ्या गाठल्या. आपण जहाल औषध मारतो तेव्हा या माश्याच आधी मरतात, याचं फार वाईट वाटतं.

पण झाड लढायला ताकद लावतं ती वाढीतूनच काढून, मात्रा जास्त झाली तर फळं कमी लागतात आणि उशिरा पिकतात. शिवाय तुमची ती हेलिकोव्हर्पा अळी फार चिवट, पुण्याच्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) मिरचीतल्या अशाच इनहिबिटरवर बरंच काम झालंय आणि ही अळी पोटातले एन्झाइम, म्हणजे तेच पाचकरस, बदलून त्यातून वाट काढते हेही दिसलंय. फळात शिरलेली अळी तर यातल्या कशानेच बाहेर येणार नाही.

तेव्हा यंदा कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे) लावा, टोमॅटोच्या ओळींमध्ये सापळा पीक म्हणून झेंडू लावा, अंडी दिसली की ट्रायकोकार्ड (अळीची अंडी संपवणाऱ्या बारीक माशीचं कार्ड), बारीक अळी दिसली की संध्याकाळी एचएनपीव्ही (याच अळीला रोग पाडणारा विषाणू) किंवा 5 टक्के निंबोळी अर्क. मुलाला पुढेमागे लेबलवर घटक आणि मात्रा नीट छापलेलं जास्मोनिक मिळालं तर फळं धरायच्या आधी दोनच सऱ्यांवर करून बघू दे, बाजूच्या दोन सऱ्या तशाच ठेवा, आणि शेवटी अळ्या मोजाल तशी दोन्हीकडची क्रेटंही मोजा.