'द्वंद्वात्मक विपर्यास' म्हणावं का?

जर्मन तत्त्वज्ञ हेगेलवरच्या एका लेखाचं भाषांतर करताना 'डायलेक्टिकल रिव्हर्सल'ला (एखादी गोष्ट आपल्याच पोटातल्या विरोधामुळे उलटी होणं) 'द्वंद्वात्मक विपर्यास' चालेल का आणि 'आयडियलमुळे अनुभवाला अर्थ येतो' अशा अर्थाच्या वाक्यात 'आयडियल'ला आदर्श म्हणावं की ध्येय, असा प्रश्न आला आहे.

विपर्यास नको. संस्कृतात त्याचा अर्थ उलटापालट असला, तरी मराठीत विपर्यास होतो तो बोलण्याचा, आणि तो कोणीतरी करतं. 'माझ्या विधानाचा विपर्यास केला गेला' हा पुढाऱ्यांचा खुलासा आठवा. हेगेलच्या उलटण्यामागे असा कोणी कारस्थानी नसतो. त्याच्या १८०७च्या 'फिनॉमिनॉलॉजी ऑफ स्पिरिट' या ग्रंथातलं धनी आणि दासाचं प्रकरण घ्या. झुंजीत जिवाच्या भीतीने एक जण हार मानतो आणि दास होतो. धन्याला हवी असते मान्यता. पण ती देणार कोण, तर ज्याला तो बरोबरीचा माणूस म्हणून मोजतच नाही तो. वर प्रत्येक गोष्टीसाठी त्याच्याच कष्टांवर भिस्त. इकडे दास राबता राबता वस्तूला आकार देतो आणि आपण घडवलेल्या वस्तूत त्याला स्वतःची ओळख पटते. बाहेरून येऊन कोणी डाव उलटवलेला नाही. तो उलटण्याचं बी धनीपणातच होतं. म्हणून 'कलाटणी'ही जमत नाही, ती अवचित मिळते. मी 'द्वंद्वात्मक पालट' लिहीन. खांदेपालट, फेरपालट, कायापालट हे रुळलेले असल्याने तो कानाला खटकत नाही. डाव्यांच्या लेखनातला 'विरोधविकास' हा शब्द फार सुंदर, पण तो विरोधातून विकास होण्याच्या अख्ख्या प्रक्रियेचा, या एका वळणाचा नव्हे.

आता आदर्श. ध्येय गाठतात. आदर्श 'गाठला' असं कोणी म्हणत नाही, तो डोळ्यांसमोर ठेवतात. संस्कृतात आदर्श म्हणजे आरसा, आणि आपला 'आरसा' त्याच शब्दापासून प्राकृतातून आलेला. जे आहे ते दाखवणाऱ्या वस्तूचं नाव, जे असायला हवं त्याला मिळालं (हाही एक पालटच). पण आरशाचं काम सुटलेलं नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी बजावलं होतं की, २६ जानेवारी १९५०ला आपण विसंगतींच्या जीवनात पाऊल टाकणार आहोत: राजकारणात समता, सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता. विषमता काही नवी नव्हती. पिढ्यानपिढ्या ती रीत म्हणून, प्राक्तन म्हणून खपवली जात होती. समता समोर धरली की तोच भोग विसंगती म्हणून दिसतो, अन्याय म्हणून सलतो. तुमच्या वाक्यात 'आयडियल'मुळे अनुभवाला अर्थ येतो असं म्हटलं आहे, ते हेच. इथे 'ध्येय' घातलं तर वाक्य पुढे काय करायचं एवढंच सांगेल.

जाता जाता, मजकुरात पुढे 'हेगेलचा ध्येयवाद' आला आहे, तिथे 'चिद्वाद' (मूळ सत्य जडात नव्हे, तर चैतन्यात मानणारा विचार, म्हणजे 'आयडियलिझम') करा. ध्येयवाद म्हटलं की मराठी वाचकापुढे साने गुरुजी उभे राहतात.